धरून चाला, लाइट नाही

आमच्या गिरगावातल्या वाडीत कुणी नवीन राहायला आलं की दोन-तीन दिवसांत प्रलयकाका त्यांच्या दारात हजर होतात. अंगात गंजीफ्रॉक, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, चष्मा कपाळावर आणि उजव्या हाताचं बोट खूण म्हणून एका जाडजूड पुस्तकात अडकवलेलं. गाव कुठलं, मुलं किती, एवढी जुजबी चौकशी झाली की काका मुद्द्यावर येतात.

“धरून चाला, लाइट नाही.”

समोरचा आपसूक वर पंख्याकडे बघतो. पंखा फिरत असतो.

“पाणी नाही, गॅस नाही, फोन नाही. दुकानांची शटरं उचकटलेली. सरकार नाही. पहिले बहात्तर तास तुम्ही काय करणार?”

बहुतेक जण हसतात आणि चहा घेणार का विचारतात. दुसऱ्या मजल्यावर नुकतंच बिऱ्हाड थाटलेली एक मुलगी मात्र म्हणाली, “काका, पाणी तर आत्ताही नाहीये. खालून दोन हंडे आणलेत मी.” काका जिना चढून वर आले ते खुशीत. “ही पोरगी टिकेल,” त्यांनी गॅलरीतल्या सगळ्यांना सांगितलं.

त्यांचं खरं नाव आता पोस्टमनशिवाय कुणाच्या लक्षात नसावं. तोंडावर आम्ही नुसतं काका म्हणतो, माघारी प्रलयकाका. त्यांना ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

काका विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून रिटायर झाले. नोकरीभर त्यांनी आगी पाहिल्या, पूर पाहिले, बुडालेला माल पाहिला, पण सगळं तीन प्रतींत, खाली सही-शिक्क्यासकट. दुपारी जेवणाच्या डब्याशेजारी दुसऱ्याचं जळालेलं गोदाम ठेवून ज्यानं उमेदीची वर्षं घालवली, त्या माणसाला अख्खं जग बेचिराख होतं आणि एकही जण क्लेम फॉर्म भरत नाही अशी कादंबरी किती निवांत वाटत असेल!

तर काका वाचतात ते हेच. जग संपल्यानंतरच्या कादंबऱ्या. त्याही सुट्या नव्हेत, मालिका. एका पुस्तकात जग संपवून मोकळा होणारा लेखक त्यांना उथळ वाटतो. “संपवायला काय लागतं? एक बॉम्ब टाकला, संपलं. पुढे चार माणसांचा स्वयंपाक कुठे होतो ते सांग की!”

ही मालिकांची सवय लहानपणची. वाडीतल्या सगळ्या पोरांप्रमाणे काकाही बाबूराव अर्नाळकरांवर वाढले. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे झुंजार आणि काळापहाड कधी संपतील ही भीतीच नव्हती. मग नारायण धारपांचा समर्थ आला. नोकरी लागल्यावर फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग दिसू लागले आणि तिथे काकांना त्यांचं दैवत भेटलं. जेरी अहर्न नावाच्या अमेरिकन लेखकाची ‘द सर्व्हायव्हलिस्ट’ ही मालिका १९८१ साली सुरू झाली. अणुयुद्ध होतं, आणि जॉन रूर्क नावाचा नायक बायको-मुलांना शोधत हिंडतो. त्याने डोंगरातल्या एका गुहेत आधीच सगळा साठा करून ठेवलेला असतो. बाकीचे वाचक मारामाऱ्यांसाठी वाचत असतील. काका त्या गुहेतल्या फडताळांसाठी वाचायचे. कुठल्या फळीवर काय, किती डबे, औषधं कुठली. यादी आली की त्यांचा वाचनाचा वेग मंदावतो आणि ओठ हलायला लागतात.

त्यानंतर १९८६ पासून निघालेली ‘डेथलँड्स’. तिचा नायक एका डोळ्याचा. तिचे शंभराच्या वर भाग निघाले आणि वर नाव कायम एकाच लेखकाचं, जेम्स अ‍ॅक्सलर. प्रत्यक्षात हे कंपनीचं ठरवलेलं नाव. लिहिणारे बदलत गेले. काकांना हे कळलं तेव्हा त्यांना फसवल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट ते भारावले. “लेखक गेले, मालिका चालू! याला म्हणतात सर्व्हायव्हल.”

मात्र फुटपाथवरून मालिका वाचायची म्हणजे मिळेल तो भाग मिळेल तेव्हा. काकांना आधी चौथा मिळाला, मग नववा, मग पावसात भिजून फुगलेला दुसरा. फाउंटनवरचे विक्रेते २००५ मध्ये उठवले गेल्यावर ते माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जाऊ लागले, आणि एका मालिकेचा पहिला भाग त्यांना तिथे कैक वर्षांनी सापडला. आम्ही विचारलं, “मग? शेवटी जग कशामुळे संपलं?”

काका जरा ओशाळले. “असेल काहीतरी. वाचलं, पण लक्षात नाही राहिलं.”

मला वाटतं काकांचं सगळं मर्म इथे आहे. जग का संपतं यात त्यांना काडीचा रस नाही. मुळात त्यांना प्रलय आवडतच नाही. त्यांना आवडतो नंतरचा संसार: चूल कुठे मांडायची, पाणी कुणी आणायचं, मीठ कोणाकडे आहे. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या घरातला मिठाचा डबा कुठे आहे हे कधी शोधलं नाही, तो गुहेतल्या मिठाची चिंता करत रात्री एकपर्यंत जागतो.

पुस्तकांचा थाट बघण्यासारखा असतो. प्रत्येकाला जुन्या ‘कालनिर्णय’च्या पानाचं कव्हर. त्यामुळे बाहेरून संकष्टी चतुर्थी आणि आत किरणोत्सर्ग. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात काकांचे शेरे. ‘पाणी उकळलं नाही!’ ‘दोरी आणली कुठून?’ ‘हा माणूस पान ११२ वर मेला होता.’ एका ठिकाणी नायक आणि नायिका उद्ध्वस्त शहराच्या गच्चीवर चांदण्यात बसलेत, अगदी हळवा प्रसंग, आणि समासात काका: ‘डास?’

मराठी पुस्तकंही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडतो. ती वाचून काका एवढे अस्वस्थ झाले की त्यांनी वाडीतले स्वेटर मोजले. महाबळेश्वरच्या सहलीत हौसेने घेतलेले आणि कसर लागलेले धरूनसुद्धा भागेना.

हे वेड आलं कुठून? माझा संशय शिऱ्यावर आहे. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले होते. त्या अष्टग्रहीने देशभर घबराट माजवली, ठिकठिकाणी यज्ञ झाले, जग बुडणार अशी चर्चा घरोघर होती. काका तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांच्या आजीने व्यवहारी विचार केला: बुडायचंच आहे तर साजूक तूप बरणीत ठेवून काय करायचं? तिने सगळ्या तुपाचा शिरा केला. बदाम, बेदाणे, केशर, जे फडताळात वर्षभर हात लावू दिलं जात नव्हतं ते सगळं घातलं. मुलांना हवा तितका. दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी. जग काही बुडालं नाही, आणि महिनाभर घरात कोरडी पोळी खाल्ली गेली. पण काकांच्या डोक्यात जगबुडी आणि सढळ तूप यांची जी गाठ बसली ती बसलीच. पुढे जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब पडणार म्हणून गवगवा झाला तेव्हा सव्वीस वर्षांचा हा जवान सकाळपासून स्वयंपाकघरात घुटमळत होता म्हणे. स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडलं. घरी पिठलं होतं.

अलीकडे काकांना दिमित्री ग्लुखोव्स्की नावाच्या रशियन लेखकाची ‘मेट्रो २०३३’ मिळाली आणि आमचं जगणं कठीण झालं. अणुयुद्धानंतर मॉस्कोची उरलीसुरली माणसं भुयारी मेट्रोत राहतात. एकेक स्टेशन म्हणजे एकेक देश. कुठे कम्युनिस्ट, कुठे नाझी, वर्तुळाकार मार्गावर व्यापाऱ्यांचा संघ. बंदुकीच्या गोळ्या हेच चलन. खायला अळंबी आणि डुकरं. पुढे ‘२०३४’ आणि ‘२०३५’ही आहेत, म्हणजे काकांच्या लेखी लेखक सज्जन. आणि नेमकी तेव्हा गिरगावात मेट्रो तीनची खोदाई चालू! पत्र्यांच्या कुंपणाला डोळा लावून काका तासन् तास उभे राहत. साडेतेहतीस किलोमीटर लांबीचा मार्ग, सत्तावीस स्थानकं, त्यांतली सव्वीस जमिनीखाली. “आपल्यासाठी खणतायत,” ते हळू आवाजात म्हणत.

त्यांनी नकाशा केला. काळबादेवी म्हणजे अर्थातच व्यापारी संघ. गिरगावकडे ढोल-ताशे आणि लेझीम पथकं, म्हणजे सैन्य तयार. सिद्धिविनायक तटस्थ राष्ट्र. नारळाच्या जोरावर ते कितीही वर्षं तग धरेल, पाणी, खोबरं, करवंटी, काथ्या सगळं एकाच फळात. ग्लुखोव्स्कीच्या मॉस्कोत लेनिन ग्रंथालयाजवळच्या स्थानकांत विद्या सांभाळणाऱ्यांचं एक नगर आहे. ते काकांनी दादरला दिलं, कारण तिथे १८९८ पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. “फक्त पूर्वेला चालत जावं लागेल. आणि पूल ओलांडावा लागेल. तेवढं दादरकर करतील.”

अळंबी-डुकरांवर मात्र गाडी अडली. डुकरं वाडीत चालणार नाहीत. दोन दिवसांनी काकांना तोडगा सुचला. “अळू! कुठेही येतं. गटाराच्या कडेलासुद्धा फोफावतं. जग संपल्यावर माणूस फदफद्यावर जगेल.”

काकू आतून म्हणाल्या, “उन्हाशिवाय येतं होय अळू? आणि खाजरं निघालं तर चिंच कोण आणून देणार तुम्हाला भुयारात?”

काकांनी वहीत लिहिलं: चिंच.

मे २०२५ मध्ये जोराच्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, तेव्हा काकांनी नकाशातलं ते राष्ट्र पेन्सिलीने खोडलं. ऑक्टोबरात गिरगाव स्थानक सुरू झालं. काका पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून खाली गेले आणि फलाटावर बराच वेळ बसून आले. प्रवास केला नाही. “एसी फार आहे,” एवढंच म्हणाले. स्वेटरांचा प्रश्न पुन्हा निघाला.

काकूंविषयी सांगितल्याशिवाय काकांची गोष्ट पुरी होत नाही. खाटेखाली काकांची एक सॅक कायम भरलेली असते: टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेट्या, नायलॉनची दोरी, तुरटी, शिट्टी, रेशनकार्डाची झेरॉक्स, गूळ-शेंगदाणे आणि चिवडा. चिवडा नातवंडं दर सुट्टीत फस्त करतात आणि टॉर्चच्या सेलना पाणी सुटलेलं असतं, तो भाग वेगळा. २६ जुलै २००५ ला या सॅकचा दिवस आला. पण त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तरी आपल्या बाजूला, कुलाब्याला, जेमतेम ७३. काका सॅक पाठीला लावून गॅलरीत बसून राहिले. खाली लोक छत्री घेऊन पाव आणायला चाललेले. काकू नेमक्या सायनला बहिणीकडे गेल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी माणसांच्या साखळीत हात गुंफून, मग पुढे पायी. रात्र एका शाळेच्या वर्गात काढली होती, आणि तिथे तीस-चाळीस जणांना पुरेल असा चहा एका पातेल्यात कसा केला ते त्यांनी सहज सांगितलं. पाय धुतले आणि विचारलं, “दूध तापवलंत का?”

तापवलं नव्हतं. नासलं होतं. त्यानंतर कैक दिवस काका काकूंना त्या चहाविषयी खोदून खोदून विचारत होते. साखर कोणाची? पातेलं कुठून आलं? काकूंना कळेना, एवढं काय त्यात.

काकांचं सकाळचं फिरणं मात्र मरीन ड्राइव्हला नसतं. ते बस पकडून लालबाग-परळला जातात आणि सोबत कुणी असलं तर त्याची शिकवणी होते. हाफकिन इन्स्टिट्यूटच्या फाटकापाशी ते थांबतात. “सप्टेंबर १८९६. मांडवीत प्लेग सापडला. माणसं शहर टाकून पळाली, रस्ते ओस. मग १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला, दादर-माटुंग्याला मोकळे प्लॉट पाडले. म्हणजे दादर काय आहे? प्रलयानंतरची वसाहत! भाग दुसरा!” हे ते हिंदू कॉलनीत राहणाऱ्या आपल्या व्याह्यांनाही ऐकवून बसलेत. मग १४ एप्रिल १९४४: गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली, सोन्याच्या विटा आकाशातून पडल्या. एक तर एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली, आणि त्याने ती परत केली. “कादंबरीत लिहिलं तर संपादक कापेल.”

एकदा ही शिकवणी काकांच्या शाळेतल्या एका दोस्तासमोर झाली. तो लालबागचा, वडील गिरणीत, स्वतःही गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यांतला एक. संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला आणि गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. काका त्याला रूर्कची गुहा समजावत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या पुस्तकात गिरणी बंद पडल्यावर बायका काय करतात?”

काकांना उत्तर सुचेना.

“आमच्या आईने खानावळ चालवली. आधी चार डबे, मग बावीस. आम्ही भावंडं डबे पोचवायचो. बंदूक नव्हती आमच्याकडे.” आणि तो मच्छी घ्यायला निघून गेला.

त्यानंतर मी काकांकडून नेलेल्या एका पुस्तकात, नायक ओळीने सात जणांना गोळ्या घालतो त्या पानावर, समासात एकच शब्द आहे: ‘खानावळ?’

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्हाला वाटलं, आता काका कोणाला ऐकायचे नाहीत. आयुष्यभराची तालीम, रंगमंच तयार. पण काका गप्प झाले. कालनिर्णयची कव्हरं कपाटात गेली. आठवड्याभराने त्यांनी माझ्याकडे दाराआडून विचारलं, “चिं. वि. जोशी आहेत का रे? चिमणराव?” ते वाचून गॅलरीत एकटेच खुदखुदायचे. जग संपल्याच्या गोष्टी वाचायला जग नीट चालू असावं लागतं, असं काहीसं ते पुटपुटले, आणि लगेच विषय बदलला.

मात्र त्यांची वही कामाला आली. फार पूर्वीच काकांनी वाडीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची नोंद करून ठेवली होती: कोण काय करू शकतं आणि कोणाला काय लागतं. पहिल्या मजल्यावरच्या आजींची रक्तदाबाची गोळी, तळमजल्यावरच्या मास्तरांचं इन्सुलिन, कोणाच्या मुलाकडे स्कूटर, कोणाला इंजेक्शन देता येतं. आम्ही वर्षानुवर्षं जिची थट्टा केली त्या वहीवरून वाडीतल्या पोरांनी औषधं आणली, दूध वाटलं. काका खुर्चीत बसून वहीत बरोबरच्या खुणा करत होते. तेव्हाच मला माझ्या नावापुढची नोंद दिसली: ‘लेखक. पाणी भरू शकतो.’

मी विचारलं, “काका, एवढंच?”

“बादली मोठी आहे तुझी,” ते म्हणाले.

आता वाडी पुनर्विकासाला चाललीय. परवा बिल्डरच्या माणसाने पडद्यावर फिल्म दाखवली: चाळीस मजले, पोहण्याचा तलाव, गच्चीवर बाग, आणि बागेत आमच्यापैकी कुणासारखीच न दिसणारी माणसं. शंका विचारा म्हणाला. काका उठले. सभेत कुजबुज झाली, दोन-चार जण हसू दाबायला लागले.

“धरून चाला, लाइट नाही.”

“जनरेटर आहे, सर.”

“डिझेल नाही.”

“सर, असं होत नाही.”

“होतं,” काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या. सगळ्यांनी वळून बघितलं.

काकांना जोर चढला. जिन्याची रुंदी किती, चाळीस मजल्यांपैकी पंपाशिवाय पाणी किती मजले चढेल, ऐंशीच्या आजी खाली कशा उतरणार, हंडा ठेवायला लँडिंगवर जागा आहे का. बिल्डरच्या माणसाने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. जिन्याची रुंदी त्याला सांगता आली नाही. हसणारे हसायचे थांबले, आणि सेक्रेटरींनी काकांचा प्रश्न मिनिट्समध्ये टिपून घेतला. काका नावासकट नोंदले गेले. वाडीला त्यांचं खरं नाव त्या दिवशी समजलं.

सभा संपल्यावर ते माझ्या घरी आले. हातात नवी मालिका, कालनिर्णयच्या श्रावणात गुंडाळलेली. चौथा भाग झाला होता माझा. त्यांनी सहावा पुढे केला.

“आणि पाचवा?”

“मिळाला नाही रे. पण अडत नाही काही,” काका चपला घालत म्हणाले. “त्यात फक्त युरोप जातो.”